ज्योत हिरवी झाली नाही

गाड्यांचे एसी दुरुस्त करणारे मामा त्या गल्लीत दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होते: त्यांचा भित्रेपणा आणि त्यांची जीभ. दुकान बंद करताना ते कुलूप तीनदा ओढून बघायचे आणि चौथ्यांदा ओढायला अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. फोन वाजला की हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. शेजारच्या दुकानात गाड्यांच्या सीटना कव्हर शिवणारा गादीवाला म्हणायचा, "मामा, तुमच्या काळजालाही एक कव्हर शिवून देतो, चांगलं जाड फोमचं." मामा हसून सोडून द्यायचे. लोक आपल्या भरवशावर गाडीत बसतात, तेव्हा कोणीतरी घाबरायला हवंच, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

जिभेची गोष्ट मात्र वेगळी. एखाद्या गिऱ्हाइकाने मध्येच दुसरीकडे काम करून घेतल्याचं कळलं, की मामा चारचौघांत त्याची सालटी काढायचे. "आता इकडे कशाला आणलीत? त्याच्याकडेच न्या की. की पळून गेला तो?" शेजारपाजारचे हसायचे आणि गिऱ्हाईक मान खाली घालून उभं राहायचं. मामांना वाटे, याने लोकांना शिस्त लागते.

त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमाराला जावयाची जुनी व्हॅन दुकानासमोर येऊन थांबली. हा मामांच्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा जावई. ऑफिसच्या लोकांची ने-आण करायचा. आज मात्र गाडीत एकटी अक्काच होती, मागच्या सीटवर, चार उशांच्या मध्ये. हृदयाचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. सकाळीच तिला दवाखान्यातून सोडलं होतं, आणि घर अजून चार तासांवर होतं.

"मामा, एसी अगदीच बसला," जावई खाली उतरत म्हणाला. "वारा येतो, पण गार येत नाही. आईंना घाम फुटलाय. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, उकाडा लागू देऊ नका."

मामांनी काचेतून आत बघितलं. अक्काचे ओठ पांढरट दिसत होते. आई गेली तेव्हा मामा सहा वर्षांचे होते. त्यानंतर त्यांची वेणीफणी सोडून बाकी सगळं अक्कानेच केलं होतं.

"उतर, आत पंख्याखाली बस."

"मला चढवताना दोघे जण लागले, आणि टाके वेगळे ओरडले. आता उतरेन ती घरीच. तू तुझं काम कर, धाकट्या."

व्हॅन सावलीला म्हणून दुकानात घेतली, तोंड आत आणि पाठ रस्त्याकडे. दुकानाची फरशी रस्त्याच्या बाजूला थोडी उतरती होती, म्हणून मागच्या चाकाखाली लाकडाचा ओंडका लावला. मामांनी इंजिन चालू ठेवून एकेक गोष्ट तपासायला घेतली. पट्टा घट्ट होता. एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसर 'टक' करून नीट पकडत होता. गॅसचा दाब दाखवणारं गेज लावलं तर काटा खाली. म्हणजे गॅस कमी होता, आणि कमी होता म्हणजे कुठूनतरी गळत होता.

मामांनी भुवया वर केल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "कोणा परक्याने हात तर लावला नाही ना, जावईबापू?"

गादीवाला सुईत दोरा ओवता ओवता इकडेच बघत होता. त्याच्याकडची दोन गिऱ्हाइकंही बघत होती.

"छे छे, मामा. तुमच्याशिवाय कोण लावणार?"

गळती शोधायला मामांकडे एक पितळी दिवा होता. आता कोणी तो वापरत नाही. नव्या गाड्यांचा गॅस त्यात दिसतच नाही, त्यासाठी पिपाणीसारखं वाजणारं यंत्र मिळतं. पण जुन्या गाड्यांत जुना गॅस असतो, आणि तो या दिव्याला बरोबर सापडतो. दिव्याला खालून एक रबरी नळी असते. ती नळी हवा ओढते आणि ज्योतीला देते. नळीचं तोंड पाइपांच्या सांध्यांवरून फिरवत जायचं; जिथे गॅस गळत असेल तिथे निळी ज्योत हिरवी होते. तीस वर्षांत त्या ज्योतीने मामांना कधी फसवलं नव्हतं. तो जुना गॅस पेटत नाही, म्हणून मामांसारखा भित्रा माणूसही हा दिवा बिनधास्त वापरत आला होता.

त्यांनी इंजिन बंद केलं. आतला होता नव्हता तो गारवा टिकावा म्हणून काचा बंदच ठेवल्या. पुढचं डावं दार उघडून ते गुडघ्यांवर बसले आणि आत वाकले. स्वयंपाकघरातल्या गॅससारखा किंचित वास आला. दिवा त्याच गॅसवर चालायचा, त्यामुळे तो वास त्यांच्या कपड्यांना, बोटांना, डब्यालासुद्धा असायचा. दिव्याचाच असणार, असं म्हणून त्यांनी दिवा पेटवला, दाराबाहेर फरशीवर ठेवला आणि नळीचं तोंड डॅशबोर्डखाली सरकवलं.

ज्योत हिरवी झाली नाही. ती वाढली.

करंगळीएवढी निळी ज्योत एकाएकी वीतभर झाली, पिवळी पडली आणि तिच्या टोकाला काळा धूर आला. मामा दोन क्षण नुसते बघत राहिले. मग त्यांना उमगलं. नळी जे ओढत होती ते पेटत होतं. या गाडीत एसीचा गॅस नव्हताच; कोणीतरी चुलीचा गॅस भरला होता, तो आत गळला होता, आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे पायांपाशी साचून आता उघड्या दारातून फरशीवर उतरत होता. मामा त्याच्यात गुडघ्यांवर बसले होते. समोर त्यांनीच पेटवलेला दिवा होता. मागे अक्का होती.

त्यांनी नळी बाहेर खेचली आणि दिव्याची चावी फिरवली. ज्योत लगेच विझेना. ती बसली, पुन्हा उठली, थरथरली. मामांनी आयुष्यात इतका लांब श्वास कधी धरला नसेल. अखेर ती गेली.

वास मात्र होता तिथेच होता.

"झालं का रे?" मागून अक्काचा आवाज आला. "जीव घाबरा होतोय माझा." आणि तिने खिडकीच्या चौकटीवर बसवलेल्या छोट्या पंख्याकडे हात नेला.

त्या पंख्याचं बटण मामांनीच बसवलेलं होतं. ते दाबताना आत बारीकशी ठिणगी उडते, अंधारात ती दिसतेसुद्धा. ओरडावं तर अक्का दचकणार, आणि दचकून बटण दाबणार. मामांनी सगळा जीव गोळा करून आवाज सरळ ठेवला.

"अक्का, हात मांडीवर ठेव बघू."

"का? मी काय शाळेत बसलेय?"

"हो. शाळेतच समज. दोन्ही हात मांडीवर. पंख्याला हात लावायचा नाही."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, अक्काने हात मांडीवर ठेवले.

"आता तुझ्या उजवीकडची काच सरकव. हळूहळू. जोर लावू नकोस."

"टाके—"

"माहीत आहे. दोन बोटांनी. जेवढी जाईल तेवढी."

काच बोटभर सरकली. थांबली. मग अजून बोटभर. तेवढ्यात जावई पुढे आला आणि सासूबाईंना मदत करायला म्हणून मागच्या सरकत्या दाराला हात घातला.

"दार उघडू नका!" हे मात्र मामा ओरडले. ते दार उघडलं की पायरीवरचा दिवा लागायचा. दिवा लागायचा म्हणजे बटण लागायचं, आणि बटण लागायचं म्हणजे पुन्हा ठिणगी. "कशालाही हात लावू नका. गाडीत गॅस भरलाय. बाहेर ढकलायची. मागचा ओंडका काढा आणि पुढे या."

जावयाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने एक शब्दही विचारला नाही. हे मामांच्या लक्षात आलं, पण विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी वाकून पुढच्या दोन्ही काचा हँडल फिरवून खाली घेतल्या. गाडी जुनी होती आणि काचांना मोटर नव्हती, हे त्या दिवशीचं मोठंच भाग्य. हँडब्रेक सोडला.

"मी आत बसून ब्रेक सांभाळू?" जावयाने विचारलं.

"ब्रेकवर पाय पडला की मागचे लाल दिवे लागतात! नाही. बाहेरूनच. रस्त्यावर गेली की पुन्हा ओंडका लावा."

दोघांनी पुढून खांदा लावला. गाडी हलली. मामांच्या हातांना असा घाम सुटला होता की पत्रा निसटत होता. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने गादीवाला येताना दिसला, ओठांत सिगारेट, बाह्या सरसावलेल्या.

"काय मामा, धक्का द्यायचा का?"

"सिगारेट! मागे फिर! पळ!"

"अहो, एवढं काय—"

"अरे, पळ रे बाबा! अक्का आहे आत!"

मामा हात जोडत आहेत हे बघून गादीवाल्याला काहीतरी कळलं. तो तीरासारखा पळाला तो थेट कोपऱ्यावरच्या नळाशी, आणि पेटती सिगारेट बादलीत बुडवून, वर तीच बादली घेऊन उभा राहिला.

गाडी उतारावरून घरंगळत उन्हात आली. जावयाने मागे धावत जाऊन ओंडका टाकला. चाक त्यावर आपटून थांबलं. आत अक्का "आई गं" म्हणाली, आणि मामा खिडकीकडे धावले. रस्त्यावर झळ होती, पण वाराही होता. तो एका खिडकीतून शिरून दुसरीतून बाहेर जात होता. अर्धा तास मामांनी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. स्वतः मात्र खिडकीशी उभे राहून पुठ्ठ्याने आत वारा घालत होते आणि दर मिनिटाला विचारत होते, "अक्का, बरं वाटतंय ना?"

"तू विचारायचं थांबलास की वाटेल."

वास पूर्ण गेल्यावर दार उघडलं. गादीवाल्याने नुकतीच शिवून तयार झालेली एक लांब सीट आणली, तिच्यावर अक्काला बसवून तिघांनी उचललं आणि त्याच्या दुकानात पंख्याखाली नेलं. "गिऱ्हाइकाची आहे," गादीवाला म्हणाला, "पण पहिली पालखी अक्कांचीच निघाली." कोणी हसलं नाही, तेव्हा तोच थोडा हसला.

मग मामा जावयाकडे वळले. जीभ तयारच होती. पण तो भिंतीला टेकून उभा होता आणि अक्काची एक उशी त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मामा त्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"कोणी भरला?"

"हमरस्त्यावर एक जण बसतो, पत्र्याच्या शेडमध्ये. आईंना दवाखान्यात न्यायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी. एसी कमी गार करत होता. तुम्ही गावाला गेला होतात. तो म्हणाला, जुन्या गाड्यांना हाच चालतो, जास्त गार करतो."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

जावयाने मान खाली घातली. मग म्हणाला, "मामा, तुम्ही विचारता तेव्हा 'हो' म्हणायची सोय नसते."

मामा उठले. ते आत जाऊन अक्कापाशी बसले.

"तुलाही वास आला नव्हता का गं?"

"आला होता की. दवाखान्यात जाताना आला, आज सकाळीही आला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऑपरेशनच्या खोलीत शिरून डॉक्टरांचीसुद्धा बटणं तपासली असतीस." अक्काने डोळे मिटले. "जावई बिचारा आधीच धास्तावलेला. म्हटलं, नाक बिघडलं असेल माझं, औषधांनी."

मामांच्या मनात आलं: लोकांचं वाईट होऊ नये म्हणून आपण जन्मभर घाबरत आलो, आणि जवळची दोन माणसं आपल्यालाच घाबरून गप्प बसली. एकाला जिभेची भीती, दुसरीला भित्रेपणाची. आज एका बटणाने सगळं संपलं असतं. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी ते पुठ्ठ्याने अक्काला वारा घालू लागले.

दुपारी त्यांनी गाडी ढकलत मोकळ्या मैदानात नेली. बॅटरीच्या तारा काढून ठेवल्या, साबणाच्या पाण्याने सांधे तपासले, डॅशबोर्डखालचा एक सांधा बुडबुडला, आणि उरलेला सगळा गॅस त्यांनी सोडून दिला. मग पुढची जाळी उघडली. आत एसीची आणि इंजिनची अशा दोन जाळ्यांच्या मध्ये धूळ, पिसं आणि वाळक्या पानांचा गोधडीसारखा थर बसला होता. हवाच जात नव्हती. एसी पहिल्यांदा कमी गार करू लागला होता तो यामुळे. ब्रशने झाडून पाण्याने धुतलं असतं तरी भागलं असतं. हे त्यांनी जावयाला दाखवलं, पण काही बोलले नाहीत. जावयाने ब्रश घेतला आणि तो घासायला बसला.

त्या दिवशी नवा गॅस भरायला मामा तयार झाले नाहीत. ऊन उतरल्यावर निघायचं, काचा उघड्या ठेवायच्या, असं ठरलं. पाच वाजता अक्काला पुन्हा उशांमध्ये बसवलं आणि मामाही तिच्या शेजारी बसले. दुकानाची किल्ली गादीवाल्याकडे दिली. त्याने मामांदेखत कुलूप चारदा ओढून दाखवलं.

गाव मागे पडलं. वारा गार होऊ लागला. अक्काचं डोकं हळूहळू मामांच्या खांद्यावर आलं. जावई मधूनमधून आरशात बघत होता, मामाही बघत होते, आणि दोघांची नजरानजर झाली की दोघेही नजर वळवत होते. बराच वेळ अक्का हलली नाही. मामांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, छातीकडे पाहिलं. पदर वाऱ्याने फडफडत होता, त्यात काही कळेना. शेवटी न राहवून त्यांनी आपलं एक बोट अलगद तिच्या नाकाखाली धरलं.

"आहे रे अजून," अक्का डोळे न उघडता म्हणाली. "बोट काढ, गॅसचा वास येतोय."