जुनं कार्ड दुकानाचं

"जुनं कार्ड माझ्याकडं राहील," मी म्हणालो, तेव्हा वाघमारे सर खुर्चीत थोडे पुढं सरकले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. मी वहिनींशी बोलत होतो.

कळंबला एसटी स्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, गावात डेटाकार्ड यायच्या आधीची. वाघमारे सर निवृत्त शिक्षक. दोन्ही डोळ्यांनी जन्मापासून अंध. पुढच्या खोलीत त्यांनी ब्रेल छापायचं मशीन ठेवलं होतं. ब्रेल म्हणजे जाड कागदावर उठवलेल्या ठिपक्यांची लिपी, बोटांनी वाचतात ती. त्यांच्या पत्नी, सुनंदावहिनी, लॅपटॉपवर मराठी मजकूर टाईप करायच्या. पुण्याच्या एका लहान कंपनीचं सॉफ्टवेअर त्याचं ब्रेल करायचं आणि मशीन ते कागदावर ठोकायचं. जिल्ह्यातल्या अंध मुलामुलींना सर पुस्तकं फुकट द्यायचे.

हे सगळं चांगलंच होतं. पण माझ्या मनात एक अढी होती. लॅपटॉप नवा घेतला तेव्हा वर्षभराच्या देखभालीसाठी मीही दर दिला होता. लातूरच्या फर्मपेक्षा माझा दर कमी होता. तरी काम लातूरला गेलं. वहिनी मला तोंडावर म्हणाल्या होत्या, "अशोकराव, राग मानू नका, पण आम्हाला इंजिनिअर पाहिजे." मी दहावी पास. सोलापूरला एका रेडिओच्या दुकानात फरशी पुसत सोल्डरिंग शिकलो. ते वाक्य मी विसरलो नव्हतो. पुढं लातूरवाले यायचे बंद झाले आणि आठ वर्षांनी वहिनींचा मला फोन आला, तेव्हा पहिल्यांदा मला तेच आठवलं.

बिघाड साधा होता. वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि टेलिफोनच्या तारेतून झटका आत आला. आमच्याकडं हे दर उन्हाळ्याच्या शेवटी होतं. मोडेम गेला. मोडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट लावणारा भाग. पुण्याचे एक गृहस्थ ई-मेलनं मजकूर पाठवायचे, ते बंद पडलं.

या जुन्या लॅपटॉपमध्ये मोडेम आणि नेटवर्क, दोन्ही एकाच कार्डावर असत. नेटवर्क म्हणजे एक कॉम्प्युटर दुसऱ्याला वायरनं जोडायची सोय. सरांकडं दुसरा कॉम्प्युटरच नव्हता, त्यामुळं ती अर्धी बाजू कुणी कधी वापरली नव्हती. अर्धं कार्ड बदलता येत नाही. पूर्णच बदलावं लागतं. मी हैदराबादहून तसलंच कार्ड मागवलं.

दराची घासाघीस झाली. वहिनी घरखर्चाच्या हिशेबानं बोलत होत्या, मी माझ्या. शेवटी मी खाली आलो, पण एक अट घातली. आमच्या धंद्यात रीत आहे, नवा पार्ट बसवला की जुना पार्ट दुकानाचा. गिऱ्हाईक भोळं असलं तर आम्ही बोलतही नाही, खिशात घालतो. इथं मी मुद्दाम बोलून घेतलं. त्या मेलेल्या कार्डाचं मला काही करायचं नव्हतं. मला फक्त शेवटचा शब्द माझा पाहिजे होता.

सर म्हणाले, "अशोक, जुनं कार्ड इथंच राहिलं तर बरं. त्याचं काय आहे..."

मी म्हणालो, "सर, तुम्ही बसा. वहिनींशी बोलणं झालंय."

"तसं न्हाय रे, त्या कार्डाचा..."

"सर, व्यवहार ठरलाय. आता एकेक गोष्ट उकरायची असंल तर मी हे कार्ड परत पाठवतो."

माझा आवाज चढला होता. वहिनी सरांना हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या हो." सर खुर्चीत मागं टेकले.

मग मी काम केलं. बॅटरी काढली. हाताची स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून खिडकीच्या गजाला हात लावला. लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण उघडलं. कार्ड दोन बाजूंच्या पत्र्याच्या चापांत अडकलेलं असतं. चाप बाहेर दाबले की ते एका बाजूनं आपोआप वर उठतं. त्याला केसासारखी बारीक वायर असते, ती ओढायची नाही, नखानं सोडवायची. नवं कार्ड तिरकं घालून खाली दाबलं, वायर लावली, झाकण बंद केलं. सीडीवरून ड्रायव्हर टाकला. ड्रायव्हर म्हणजे नव्या भागाची विंडोजशी ओळख करून देणारा प्रोग्रॅम. मोडेमनं फोन लावला, पुण्याची ई-मेल आली. वहिनी हसल्या. मी जुनं कार्ड खिशात घातलं आणि चहा न घेता निघालो.

ब्रेलचं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं नाही. तक्रार मोडेमची होती, मोडेम चालला.

हा सोमवार. कार्ड मी दुकानात मागच्या पोत्यात टाकलं. मंगळवारी रझाकभाई आला. कळंबच्या बाहेर त्याचं भंगाराचं गोदाम आहे. जुने बोर्ड तो किलोवर घेतो. आम्ही नेहमीप्रमाणं तराजूवरून भांडलो आणि पोतं गेलं.

बुधवारी सकाळी वहिनींचा फोन. "मशीन छापंना. काहीतरी इंग्रजी येतंय."

जाऊन पाहिलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, लायसन्स जुळत नाही. त्याखाली बारा आकडे-अक्षरांचा एक नंबर होता. तो मी ओळखला. सोमवारी बसवलेल्या कार्डाच्या स्टिकरवर तोच होता.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यात एक नंबर मिळतो. गाडीला चेसिस नंबर असतो तसा. तो दुसऱ्या कार्डाला नसतो. काही कंपन्या आपलं सॉफ्टवेअर त्या नंबराला बांधून ठेवतात, म्हणजे कुणी नक्कल करून दुसऱ्या लॅपटॉपवर चालवू नये. जुन्या कार्डाचा मोडेम जळला होता, पण नंबराची बाजू जिवंत होती. म्हणून वीज पडल्यावरही छपाई चालू होती. चालू छपाई मी बंद पाडली होती.

वहिनींनी विचारलं, "काय झालं असंल?"

मी म्हणालो, "सॉफ्टवेअरची मुदत संपली असंल. बघतो."

सर तिथंच बसले होते. मान थोडी वळवून ऐकत होते.

खरं सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. पण आठ वर्षांपूर्वीचं ते वाक्य पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती. मी तसाच रझाकभाईच्या गोदामात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याकडं वस्तू परत मागितली, ती पण दर न विचारता.

तो म्हणाला, "अशोकभाई, वो माल तो कलच गया. हैदराबाद की गाडी में."

"परत मागव. जे लागंल ते देतो."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. "काल तुम्ही पाव किलोसाठी मेरी माँ तक गये थे. आज जे लागंल ते? तबियत बरी आहे ना?"

तरी त्यानं माझ्यासमोर फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की माल उतरला, बोर्ड फोडायला गेले. त्यातून बोटभर कार्ड कोण शोधणार.

पुण्याच्या कंपनीचा फोन लावला. तो नंबर अस्तित्वात नव्हता. कंपनीच बंद पडली होती. एक वाट मला माहीत होती. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एक रकाना असतो, त्यात नवा नंबर लिहिला की कार्ड आपला नंबर तोच सांगतं. नव्या कार्डाला जुन्याचं नाव देता येतं. पण जुना नंबर पाहिजे. मी तो वाचला नव्हता. लायसन्सच्या फाइलमध्ये तो होता, पण उलटापालट करून लपवलेला. गुरुवार आणि शुक्रवार मी त्या फाइलशी झगडण्यात घालवले. वहिनींचे फोन आले, त्यांना सांगितलं की पुण्याशी बोलणं चालू आहे. तेही खोटं.

शनिवारी सरांच्या घरी गेलो तर एक बाई बसलेली होती. शबाना, नळदुर्गची. वय सत्तावीस. एकोणिसाव्या वर्षी आजारात तिचे डोळे गेले. ब्रेल तिला सरांनी शिकवलं. बँकेच्या क्लार्कची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पुढची भरती कधी निघंल ते कुणालाच माहीत नव्हतं. गणिताचे तीन खंड छापायचे होते, त्यातला एक तिला मिळाला होता. उरलेले दोन न्यायला ती दोन एसट्या बदलून एकटी आली होती.

ती उठली, भिंतीला हात लावत मशीनपाशी गेली आणि त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. छपाई झाली की ते मशीन बराच वेळ गरम राहतं.

"गार हाय," ती म्हणाली.

वहिनी म्हणाल्या, "अगं, सॉफ्टवेअरची मुदत संपलीय. अशोकराव पुण्याला बोलतायत." मग, "तवर धड्यांची कॅसेट ऐकत जा की."

"बाकीचं ऐकते वहिनी. पण गणित कानात ऱ्हात न्हाय. वरची ओळ हाताखाली लागती." तिनं हात काढला नाही. "सर, ह्या वक्ताला न्हायच व्हणार का?"

सरांनी माझ्या दिशेनं मान वळवली.

मी म्हणालो, "मुदत संपलेली नाही. माझ्यामुळं बंद पडलंय."

मग सगळं सांगितलं. सोमवारचं, पोत्याचं, हैदराबादचं. वहिनींकडं बघवत नव्हतं म्हणून सरांकडं बघून बोललो. त्यांच्याकडं बघायला मला सोपं जात होतं, हेही तेव्हा लक्षात आलं.

सरांनी विचारलं, "म्हणजे तुला जुन्या कार्डाचा नंबर पाहिजे."

"हो. पण तो आता कुठं मिळणार."

ते उठले. लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातल्या फायलींच्या पाठीवरून बोटं फिरवत तिसरी काढली. आत जाड कागद होते, ठिपक्यांनी भरलेले. दोन पानं उलटली, तिसऱ्यावर बोट थांबलं.

"सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून पोरगा आला होता. तो कंपनीला फोनवर एक नंबर सांगत होता, बारा अक्षरं. मी त्याला परत म्हणायला लावला आणि ब्रेलमध्ये टोचून ठेवला. तो म्हणाला, सर, कार्ड कधी बदललं तर जुनं फेकू नका, हा नंबर त्याचाच हाय. लिही. शून्य, शून्य, डी..."

मी लिहून घेतला. परत वाचून दाखवला. त्यांनी बोटानं पडताळला.

"सोमवारी हेच सांगत होतो," ते फाईल बंद करत म्हणाले. "तू म्हणालास, सर, तुम्ही बसा."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, भांडता मला येतं.

"आणि बुधवारी? बुधवारी का नाही सांगितलं?"

"बुधवारी तू मुदत म्हणालास. मुदतीतलं मला काय कळतं? तू यंत्रातला माणूस. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

रकान्यात नंबर भरला, लॅपटॉप बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर उघडलं. वहिनींनी कागद लावला. मशीन ठोकायला लागलं, तेव्हा सगळी खोली हादरली. शबाना त्याच्याशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि येणारं प्रत्येक पान हातात घेऊन तिथंच वाचायला लागली. दुसरा खंड संध्याकाळच्या एसटीनं तिच्याबरोबर गेला. तिसरा मी सोमवारी स्वतः नळदुर्गला नेऊन दिला. त्याचे पैसे मी मागितले नाहीत, आणि वहिनींनी मला इंजिनिअर म्हटलं नाही. दोन्ही बरोबर होतं.

परीक्षेत ती थोडक्यात हुकली. गणितातच. पुढं तिला दुसरीकडं काम मिळालं, ते तिच्या हिमतीवर. बुधवारी मी खरं बोललो असतो तर दोन्ही खंड शनिवारी तिच्यासाठी तयार असते. तेवढ्या दिवसांत तिची किती गणितं झाली असती, मला माहीत नाही. तिनं मला कधी विचारलं नाही. सरांनीही विचारलं नाही. म्हणून हे मला अजून विसरता येत नाही.

घासाघीस मी आजही करतो, आवाजही चढतो. लातूरच्या फर्मला काम दिल्याचा राग अजून गेलेला नाही, ते खोटं कशाला सांगू. पण माझ्या दुकानात काढलेला जुना पार्ट पाकिटात जातो, त्यावर गिऱ्हाईकाचं नाव आणि पार्टाचा नंबर लिहितो आणि वर्षभर ठेवतो. रझाकभाई त्या पाकिटांकडं बघून हसतो. आणि झाकण उघडायच्या आधी, हे यंत्र वापरतं कोण, असं विचारून त्या माणसाला बोलू देतो. तो बोलायचा थांबेपर्यंत स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही.