तीन पानं स्पॅनिश

मावशीला वाचकांची किळस यायची. बेलापूरच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी सात-आठ निवृत्त मंडळी ठाण मांडून असतात आणि बोट जिभेला लावून पानं उलटतात. मावशी ते बघायची, तोंड वाकडं करायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणायची, "शी! येकाची थुकी दुसऱ्याच्या बोटाला. आन वास म्हनं माजा येतो!"

ती जवळच्या दिवाळे गावची कोळीण, सगळेच तिला मावशी म्हणायचे. सकाळचा बाजार आटोपला की हाताला लिंबू चोळून दुपारी एकला यायची, रिकामी टोपली बाहेर ठेवायची, पदरानं हेडफोन खसाखसा पुसायची आणि मगच कानाला लावायची. सभासदांना कार्डावर परदेशी भाषा ऑनलाइन, फुकट शिकता येतील, असा फलक आम्ही दोन वर्षांपूर्वी लावला होता. तो वाचून आलेल्यांत कॉलेजची चार मुलं आणि ही. तिला स्पॅनिश हवी होती. मी सहायक ग्रंथपाल. फॉर्म भरताना मला हसू आलं होतं, हे आता सांगून टाकते.

तिचा मुलगा मालवाहू बोटीवर खलाशी होता. पोटात दुखतं म्हणून त्याला स्पेनच्या एका बंदरात उतरवून इस्पितळात ठेवलं आणि तो तिथेच गेला. घरी त्याची बॅग आली, त्यात तिथल्या नर्सचं पत्र होतं, खाली तिचा फोन नंबर. बोटीवर भरती करणाऱ्या एजंटनं पत्र हातात घेतलं आणि सांगितलं, "शेवट शांत झाला, असं लिहिलंय." संपलं.

"तीन पानां लिवलीत गो तिनं," मावशी मला म्हणाली, "आन त्यानं येक लाईन वाचली."

मी म्हटलं, मोबाइलवर फोटो काढून दोन मिनिटांत मराठी करून देते. तिनं पत्र पाठीमागे घेतलं. "मशीन सांगल आन मी रडू? मना तिच्याशी बोलायचंय. पत्रान नाय ते पन विचारायचंय."

सातवी शिकलेली बाई. पण मासळीबाजारात तयार झालेली, त्यामुळे संगणकाशीही भांडायची. उत्तर चुकल्याची लाल खूण आली की म्हणायची, "चूक कशी? परत आयक!" धडे सफरचंदाचे, निळ्या छत्रीचे. चार दिवसांतच ती वैतागली. "सफरचंदाचं काय करू मी? ताप कंदी शिकवतान? पानी मागला, आईला हाक मारली, ह्ये कंदी?" मग मीच ते शब्द शोधून द्यायला लागले. ती ते देवनागरीत वहीत उतरवायची आणि मोठ्यानं म्हणायची. कानात हेडफोन, त्यात तो बाजारातला आवाज. वर्तमानपत्रं खाली यायची, चष्मे वर जायचे.

सूचना वहीत पहिली तक्रार आवाजाची आली. पुढच्या सगळ्या वासाच्या. सुवाच्य अक्षरात, 'कृपया' घालून. मी काय करावं? मी वहीला घाबरले. मावशी उठून गेली की खोलीत सुगंधी फवारा मारायला लागले. एकदा ती चष्मा विसरली म्हणून जिन्यावरून परत आली, तेव्हा माझ्या हातात तो डबा होता आणि मी तिच्याच खुर्चीवर मारत होते. तिनं चष्मा उचलला. मला म्हणाली, "मार, मार. थांबू नको." दुसऱ्या दिवसापासून ती घरी जाऊन, अंघोळ करून, ओल्या केसांत मोगरा माळून येऊ लागली. भर दुपारी, एवढी चालत. आणि सूचना वहीत लिहिलेलं होतं, 'आज दुर्गंधी असह्य.'

मग एक आठवडा ती आलीच नाही. बहीण आजारी म्हणून उरणला गेली होती. त्या आठवड्यातही वासाच्या तीन तक्रारी आल्या. मी ती वही घेऊन वाचनालयाच्या सचिवांकडे गेले, तारखा दाखवल्या. सचिव म्हणाले, "मॅडम, वास म्हणजे शेवटी सभासदांच्या भावना असतात." मला त्यांची किळस आली. पण नोकरी सोडण्याइतकी नाही. मावशीचं कार्ड स्थगित केल्याचं पत्र त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं आणि खाली सही केली. माझी मलाच इतकी किळस कधी आली नव्हती.

पुढच्याच बुधवारी दुपारी चारला नर्सशी बोलायचं ठरलं होतं, आमच्याच संगणकावरून. मोबाइलवर भाषांतर करून, निरोप पाठवून वेळ मीच ठरवून दिली होती. मावशीनं स्थगितीचं पत्र उभ्यानं वाचलं, घडी घालून कमरेला खोचलं. "सही झ्याक हाय गो तुजी," एवढंच म्हणाली. हेडफोन जागेवर ठेवले आणि आपली वही उचलून गेली. पुन्हा पायरी चढली नाही.

बुधवारी मी अर्धी रजा टाकून दिवाळ्याला गेले. बाजार उठला होता, ओटे धुऊन झाले होते. पुतणीचा मोबाइल बर्फाच्या पेटीला टेकवून मावशी समोर पालथ्या क्रेटवर बसली होती. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई. मी खांबापाशी उभी राहिले. मावशी अडखळत, बोटावर शब्द मोजत बोलत होती. शब्दांची वही मांडीवर होती, पण तिच्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. एक प्रश्न तिनं तीनदा विचारला. तिन्ही वेळा ती बाई सावकाश, थांबत थांबत उत्तर देत होती. मध्येच मावशी खळखळून हसली. मग तिनं पदर तोंडात कोंबला. ती बाई फोन न ठेवता थांबली.

फोन बंद झाल्यावर मी पुढे झाले. "मावशी, काय म्हणाली ती?"

तिनं मला बसायला क्रेट सरकवला. माझ्या डोळ्यांत बघून ती बोलायला लागली आणि शेवटपर्यंत सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, घाईही केली नाही. सगळं स्पॅनिशमध्ये. त्यात मुलाचं नाव चार-पाचदा आलं, तेवढंच मला कळलं.

"समाजलं?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

"मंग शीक," मावशी म्हणाली. "तुजं कार्ड चालू हाय ना."