धुराबाहेरचं कुत्रं

थोरल्या भावाचं कुत्रं त्यानं सांगितलं तसं मी सांभाळलं नाही, आणि सांभाळलं म्हणून त्याला सांगितलं. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही.

लढाईच्या दिवसांत थोरला आसामात होता, खेचरांच्या पलटणीत. कुंडलच्या अलीकडं आमची शेती. ती मी बघायचो. एकदा तो रजेवर आला तो कुत्रं घेऊनच. तिकडं त्याच्या तंबूपाशी वाढलेलं, तांबूस, एक कान पडका. आगगाडीतून ते कसं आणलं ते त्यालाच ठाऊक. जाताना मला गोठ्यात नेऊन म्हणाला,

"हे बघ, याला दिस मावळायच्या आत हितं बांधायचं. बैलांना धूर करतोस नव्हं, त्या धुरात. डास लागू द्यायचा न्हाई."

"डासानं कुत्रं मरतंय व्हय?"

"मरतंय. पलटणीच्या डॉक्टरानं एक मेलेलं कुत्रं फाडून दावलं आमाला. काळजात शेवया भरल्यागत किडं. डास चावला की त्यातनं बारीक किडा आत जातो, न् काळजात वाढतो. वाढल्यावर मग काय उपेग न्हाई. आधीच जपायचं. हितं धूर रोजचाच हाय, तुला येगळं काय करायचंय?"

खरंच वेगळं काही करायचं नव्हतं. दिवेलागणीला शेणी पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा, हे बैलांसाठी आमच्याकडं होतच होतं. दावणीला एक दोरी जास्त, एवढंच. एक पावसाळा मी ते नेमानं केलं. आमच्या बांधाला बांध लागलेला एक शेतकरी होता, तो येता-जाता हसायचा. "काय रं गड्या, कुत्र्याला वाफारा देतोस? सर्दी झालीया का? उद्या कानटोपी शीव त्याला." मीही हसायचो आणि सोडून द्यायचो.

मग ऊस गोडीला आला आणि कोल्हे शिरायला लागले. सकाळी जाऊन बघावं तर बुडखे चावलेले, ऊस आडवे पडलेले. शेजारी बांधावर उभा राहून म्हणाला, "कुत्रं बैलाशेजारी धुरी घेत बसलंय, न् कोल्हं तुझा ऊस खात्यात. लय शाना हाईस."

त्याच संध्याकाळी मी कुत्रं सोडलं आणि उसाच्या कडेला, पाटाजवळ खुंटा ठोकून बांधलं. पाटात पाणी तुंबलेलं. डास असे उठले की मी गाठ मारून जवळजवळ पळतच घरी आलो. तेव्हाच कळायला हवं होतं, असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे. कळलं होतं. ऊस तुटेपर्यंतच, अशी मी मनाची समजूत घातली.

ऊस तुटला, त्याच बुडख्यांतून खोडवा वाढला, कुत्रं तिथंच राहिलं. कोल्हे येईनासे झाले. गोठ्यातला धूर मी एकदाही चुकवला नाही. बैलांना डास चावू दिला नाही.

लढाई संपून थोरला येणार असं कळल्यावर मी कुत्रं परत गोठ्यात आणून बांधलं.

थोरला दारात आला. कुत्रं त्याला ओळखून धावलं आणि निम्म्या अंगणात आडवं झालं. थोड्या वेळानं उठलं, पण खोकत राहिलं. तो खोकला आधीपासूनचा. घशात भुसा गेला असेल म्हणून मी तिकडं बघितलं नव्हतं. आता पोटही पाण्यानं तटतटलं होतं. थोरल्यानं त्या पोटावरून हात फिरवला आणि पाणीसुद्धा न पिता गाडी जुंपायला सांगितली.

सांगलीच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कानाला टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि भिंगाखाली धरला. मग थोरल्याला बघायला दिलं. तो बराच वेळ वाकून होता. मी बघायला मागितलं नाही.

"सुया आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण आता टोचल्या तर मेलेले किडेच रक्तात अडकतील आणि हे त्यानंच जाईल. संध्याकाळचं कुठं बांधत होता?"

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं.

"गोठ्यात," मी म्हणालो. "धुरात."

"रोज? एक दिस बी चुकला न्हाई?" थोरल्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग हे तिकडूनच घेऊन आलं असणार," डॉक्टर म्हणाले. "लहानपणीच डास चावले असतील."

परतताना कुत्र्याचं डोकं थोरल्याच्या मांडीवर होतं. तासगाव मागं पडलं तेव्हा तो बोलला. "मी मच्छरदाणीत झोपायचो रं. हे भाईर, तंबूच्या तोंडाशी. आत घ्यावं असं कवा मनातच आलं न्हाई. तू येवढं जपलंस, न् मीच..." कासरा माझ्या हातात होता. मी बैलांकडं बघत राहिलो.

थोड्याच दिवसांत कुत्रं गेलं. खड्डा खणताना थोरल्यानं मला फावड्याला हात लावू दिला नाही.

डॉक्टरांचं खरंही असेल. किडा तिकडूनच आला असेल. कितीतरी वर्षं मी त्या बोलण्याला टेकून राहायला बघितलं. पण खरं काय ते कधी समजावं अशी सोयच मी ठेवली नाही.

पुढं थोरल्याच्या पोरांनी कुठून तरी एक पिल्लू आणलं. मी त्या दिवशी त्याच्याकडंच जेवायला होतो. तो पोरांवर ओरडला नाही. म्हणाला, "जावा, देऊन या. माझ्या हातनं कुत्रं जगत न्हाई." पोरं रडत पिल्लू घेऊन गेली. मी आमटीत भाकरी कुस्करत बसलो.

गेल्या साली थोरला वारला. आजारात मी त्याच्या उशाशी जाऊन बसायचो. सांगायचं ठरवून जायचो, आणि "आज जरा बरं दिसतंय" एवढं म्हणून उठायचो. परवा वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यास्नी त्या कुत्र्याचं लय लागलं हुतं. शेवटपातुर म्हनायचं, माझ्यापायी गेलं." मी मान हलवली.

थोरल्याला आता सांगता येत नाही. वहिनींना सांगायचं आहे, आणि ते मी अजून केलेलं नाही.