तिसरी चावी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दुकानात रोज चहाला टेकणाऱ्या दोस्तांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि मध्येच "जाऊ दे रे, होतं असं" म्हणणार नाही. कृपा करून म्हणूच नका.

आधी माझं कौतुक मीच करून घेतो. लोणावळ्यात जुन्या हायवेला माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान आहे. खंडाळ्यापासून पार उर्शापर्यंत कुणाच्याही गाडीनं चावी ओळखायला नकार दिला, की फोन मला येतो. ही बढाई नाही, कुणालाही विचारा. दुसरे मिस्त्री आधी बॅटरी बदलतात, मग स्टार्टर खोलतात आणि गिऱ्हाइकाला दोन दिवस हेलपाटे घालायला लावतात. मी स्कॅनर जोडतो आणि थेट गाडीशी बोलतो. तिचं काय दुखतंय, ते ती सांगते. "मशीन खोटं बोलत नाही," हे माझं ठरलेलं वाक्य. इतक्यांदा म्हटलंय की लोक माझी नक्कल करतात. मला ती आवडायचीसुद्धा.

तर गोष्ट चावीची आहे. आजकालच्या गाडीच्या चावीत, तिच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात, तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. चावी फिरवली की गाडी त्या चिपला विचारते – तू कोण? ओळखीची असेल तरच इंजिन चालू होतं. कुठल्या कुठल्या चिप ओळखीच्या, याची यादी गाडीच्या पोटात असते. स्कॅनर लावला की आकडा दिसतो. दोन चाव्या असतील तर दोन. सोपं आहे ना? त्या आकड्यावरच तर सगळं झालं.

लोणावळ्यातच, तुंगार्लीला एक बाई राहतात, एकट्याच. शाळेच्या मुख्याध्यापक होत्या, बोलण्यात अजून ती छडी आहे. त्यांच्या गाडीवर अकरा वर्षं दस्तगीरचाचा ड्रायव्हर होते. पवना धरणाकडच्या एका खेड्यातला माणूस – उंच, सडपातळ, कानाशी विडी खोचलेली, पण गाडीत कधी ओढणार नाही. संध्याकाळी गाडी लावली की चावी बाईंच्या हातात देऊन मगच घरी जायचे. दुसरी चावी बाईंच्या कपाटात.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. चाचा दोन दिवस भाचीच्या लग्नाला गेले होते. दोन्ही चाव्या बंगल्यात, गाडी फाटकाच्या आत. त्या दोन दिवसांत गाडीतून बाईंची चामड्याची पिशवी गेली. बंगल्याचे कागद होते तिच्यात. काच फुटलेली नाही, दार उचकटलेलं नाही. बाईंनी चाचांनाच गाडी माझ्याकडे आणायला लावली, स्वतः शेजारी बसून. म्हणाल्या, या गाडीला चाव्या किती आहेत ते बघा.

मी स्कॅनर लावला. आकडा आला तीन.

"तीन," मी म्हणालो. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, खोटं कशाला सांगू? बाई चाचांकडे वळल्या. आणि मी वर माझं ते वाक्य जोडलं.

चाचांचा आवाज चढला नाही. म्हणाले, "मिस्त्री, परत इचारा की मशीनला." मी परत विचारलं. तीन. "मग कवा केली ती तरी इचारा." मी म्हणालो, ते मशीन सांगत नाही. हे खरं होतं. त्या गाडीत तारीख राहत नाही, नुसता आकडा राहतो. चाचांची नोकरी तिथंच, माझ्या बाकड्यापाशी गेली.

चार दिवसांनी ड्रॉवरमध्ये फ्यूज शोधत होतो, तर निळी टेप गुंडाळलेली एक चिप हाताला लागली. माझी चाचणीची चिप. आणि आठवलं. त्याच वर्षी उन्हाळ्यात ती गाडी माझ्याकडे आली होती – कधी चालू व्हायची, कधी नाही, डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकायचा. दोष चावीच्या चिपमध्ये की कुलपाभोवतीच्या तारेच्या कड्यात, हे पाहायला मी माझी चिप गाडीच्या यादीत घातली होती. चाचा शेजारीच होते. स्क्रीन बघायला माझे हात मोकळे हवेत म्हणून मी ती चिप त्यांच्याच हातात दिली. "इथं कुलपाशी धरा." त्यांनी धरली. दहा वेळा गाडी चालू केली, दहाही वेळा चालू झाली. चावीतली चिप जागची हलली होती, ती बसवून दिली. नंतर माझी चिप यादीतून काढायला हवी होती. पण त्यासाठी सगळी यादी पुसून खऱ्या दोन्ही चाव्या पुन्हा घालाव्या लागतात, आणि दुसरी होती बाईंच्या कपाटात. म्हटलं, पुढच्या खेपेला बघू.

चाचांना ते मशीनचंच काहीतरी वाटलं असणार. लोखंडी पात्याशिवायच्या त्या एवढ्याशा तुकड्याला कोण चावी म्हणेल?

आता थांबा. मघाशी मी म्हणालो की चार दिवसांनी आठवलं. ते खरं नाही. इतकं कबूल करायला बसलो आणि इथंही मी चार दिवस मारून नेत होतो! चाचा "कवा केली" म्हणाले ना – त्याच क्षणी मला आठवलं होतं. निळी टेप, त्यांचा तो चिप धरलेला हात, सगळं. मशीनला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. आणि मी मशीनचं उत्तर दिलं.

आणखी एक. त्या चिपनं दार उघडत नाही. दाराचा आणि त्या आकड्याचा काही संबंधच नाही. चाव्या तीन असोत नाहीतर तेरा, पिशवी कुणी नेली ते त्यातून कळत नाही. हे शिकाऊ मिस्त्रीलाही ठाऊक असतं. मला नव्हतं?

का गप्प बसलो? गिऱ्हाइकाच्या गाडीची ओळख स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारा चावीवाला – असं एकदा नाव पडलं की दुकानाचं शटर ओढायचं. एवढाच हिशेब केला, आणि तो करायला मला दोन सेकंदं पुरली. मी झटपट काम करतो, हे सांगितलंच आहे.

महिन्याभरानं बाई हॉर्नच्या कामाला आल्या. गाडी स्वतः चालवत, गिअरचे हाल करत. पिशवी सापडली म्हणाल्या. खंडाळ्याला मुलीच्या घरी, माळ्यावर. त्यांनीच ठेवली होती आणि विसरल्या होत्या. माझा जीव एकदम हलका झाला. वाटलं, सुटलो, आता चाचांना परत बोलावतील. तर बाई म्हणाल्या, "पिशवीचं सोडा हो. पण त्यानं चावी का केली? ते काही सांगेना. तुम्ही नसतात तर मला कळलंसुद्धा नसतं." आणि त्यांनी माझे आभार मानले.

म्हणजे पाहा, चोरी राहिलीच नव्हती. माझा आकडा तेवढा राहिला होता. एका वाक्याचं काम होतं. मी मान हलवली आणि हॉर्न वाजवून दाखवला.

अशा गोष्टी बंगल्याबंगल्यांतून फिरतात. माळी, ड्रायव्हर, स्वयंपाकाच्या मावश्या – दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं. चाचांना परत कुणी गाडी दिली नाही. गेल्या वर्षी खंडाळ्याच्या एका हॉटेलात पाहुण्याची गाडी अडली म्हणून मला बोलावलं, तेव्हा ते दिसले. पार्किंगमध्ये शिट्टी वाजवून गाड्या लावून देतात. चाव्या दुसरी माणसं घेतात, चाचांच्या हातात कुणी देत नाही.

मला बघून तोंडभर हसले. चहा मागवला. राग? छे. माझ्यावर कसला राग, मी तर मशीनचं सांगितलं होतं. मुलगा काय करतो, मी असंच विचारलं. रियाज त्याचं नाव, तेव्हा पंचविशीचा असेल.

"तळेगावला अस्तोय. मी बोलत न्हाई त्याच्याशी."

का ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, गणित सोडवून दाखवावं तसं. "मी चावी केली न्हाई, त्ये मला ठावं हाय. मशीन तर खोटं बोलत न्हाई. मग ऱ्हायलं कोन? मला ताप आलता तवा चार दिस त्योच गाडी धुवाया जायाचा. चावी त्याच्याच हातात व्हती." मग म्हणाले, "लय शपता घातल्या त्यानं. त्याची आय रडली. पन मी म्हनलं, मशीनला काय तुजं वैर हाय का?"

चहा गरम होता. मी सगळा प्यालो.

मग पाहुण्याची गाडी चालू करून दिली. पाच मिनिटांचं काम, नेहमीसारखं. निघताना चाचा मागे उभे राहून माझी गाडी काढून देत होते – येऊ द्या, येऊ द्या, बास. आरशात ते मला दिसत होते. काच खाली होती. मी बोललो असतो तर त्यांना ऐकू गेलं असतं.

मी हात वर केला आणि लोणावळ्याच्या रस्त्याला लागलो.

चिप अजून ड्रॉवरमध्ये आहे, निळी टेप तशीच. रियाजनं चावी केली नव्हती. ती मी केली होती.