माझ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही

ती चेतना डोळ्यांत खुपते मला, पहिल्या दिवसापासून. खारदांड्याची पोर, आई शांताबाई बाजारात मासळी विकते, आणि ही आमच्या घाटकोपरच्या ऑफिसात येऊन महिन्याभरात सगळ्यांची लाडकी. डब्यात बोंबील आणते, सगळ्यांना वाटते. मलाही देते. चांगले असतात, त्याचाच जास्त राग येतो.

बोटींसाठी बर्फ बुक करायचा प्रोग्राम मी एकट्याने लिहिलाय. कुंडलिकचा प्रोग्राम म्हणूनच ओळखतात त्याला. बंदरावरच्या कॉम्प्युटरवर चालतो आणि बर्फाच्या कारखान्याच्या सर्व्हरकडे बुकिंग पाठवतो. आता कारखान्याने कळवलं, एक तारखेपासून प्रत्येक बुकिंगसोबत ओळख पटवणारं टोकन लागेल, नाहीतर सर्व्हर ते घेणार नाही. म्हणजे बोटींना बर्फ नाही. आणि आमचे साहेब, यज्ञेश सर, यांनी हे काम दिलं कुणाला, तर चेतनाला.

माझा तिळपापड झाला. सगळ्यांदेखत सांगितलं, "माझ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. सोर्स कोड माझ्या लॅपटॉपवर आहे, तुमच्याकडे नुसती तयार एक्झी फाइल, चालवता येते, बदलता येत नाही. तिच्यात काय घुसवणार? काम मला द्या, नाहीतर बसा हात चोळत."

चेतना म्हणाली, "बरं दादा." बस्स, एवढंच.

मग मी वाट बघत बसलो. येईल, विनवण्या करेल, मी जरा भाव खाईन, सगळं ठरवून ठेवलेलं. बया काही येईना. आपली जागेवर बसून टाइप करतेय, मध्येच आईला फोन लावून हसतेय. महिना संपत आला तसं मलाच राहवेना. बर्फ अडला तर बंदरावर शिव्या माझ्याच नावाने पडणार. लॅपटॉप घेऊन तिच्या टेबलाशी गेलो. "घे सोर्स. उपकार समज."

"राहू द्या ना दादा, झालं काम."

तिने मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवला होता. माझा प्रोग्राम त्याच्याशी बोलतो. तो सर्व्हरकडून टोकन आणतो, बुकिंगला लावतो, पुढे पाठवतो. मुदत संपली की नवं टोकन आणतो. "सर्व्हरचा पत्ता तुम्ही सेटिंगच्या फाइलीत ठेवलेला ना, तेवढाच बदलून माझ्या प्रोग्रामचा टाकला. भारी सोय केलीय तुम्ही." हे ती मनापासून म्हणाली, म्हणून तर जास्त झोंबलं.

सर मागेच उभे होते. "झकास. कुंडलिक, तुझ्या प्रोग्रामला आता कुणी हात लावायची गरजच नाही. तूसुद्धा नाही."

लॅपटॉप बगलेत मारून जागेवर येऊन बसलो. टेबलावर तिने माझ्या वाटणीचे बोंबील ठेवले होते. खाल्ले सगळे, जळत जळत खाल्ले.