उपवासाचे दोन किलो

सातारा स्टेशनवर दिल्लीची गाडी फार वेळ थांबत नाही. तेवढ्यात आमची काळी लोखंडी पेटी, तीन पिशव्या, दहा वर्षांची अनू आणि मी, एवढं सगळं डब्यात चढवायचं होतं. दीर पेटीशी झटत होते आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकच पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. तिच्यात कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, भाजणी आणि साबुदाणा होता. दिल्लीत साबुदाणा मिळत नसणार, याबद्दल त्यांची खात्री होती. गाडी हलली तसा त्यांनी खिडकीच्या गजांतून हात घालून माझं मनगट धरलं. "त्याच्या पोटाकडं बघ गं बाई," म्हणाल्या. मी मान हलवली. पुढं मला त्या पोटाकडं खरोखरच टेप घेऊन बघावं लागेल, हे आम्हा दोघींच्याही ध्यानीमनी नव्हतं.

गावाकडच्या माझ्या जावांनो, नणंदांनो, आणि माझ्यासारख्या गावाकडून क्वार्टरमध्ये पेट्या हलवणाऱ्या बायांनो, तुम्ही फोनवर नेहमी विचारता की दिल्लीत तुम्ही काय खाता. मी दरवेळी "आपलं नेहमीचंच" म्हणून विषय बदलत आले. आज खरं सांगून टाकते.

हे फौजेत हवालदार. दिल्लीला येईतोवर मी गावीच असायचे आणि हे सुट्टीला यायचे. दिल्ली कॅन्टला फॅमिली क्वार्टर मिळालं तेव्हा लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण सलग दोन महिने एकत्र राहिल्याचं आठवत नव्हतं. त्यामुळं पहिल्या दिवशी हे इतके हरखले होते की सामान क्वार्टरमध्ये टाकलं, कुलूप लावलं आणि आम्हाला थेट सदर बाजारात छोले-भटुरे खायला घेऊन गेले. कढईतून वर येणारा तो टम्म फुगलेला भटुरा बघून अनूनं टाळ्या वाजवल्या. मी आपली एका घासात विचारात पडले की हे पचणार कधी. पण दुसऱ्या घासाला विचार थांबला. दिल्ली अशीच शिरते, पोटातून.

ह्यांना भटुऱ्याची चटक होती, तशी मला मोमोची लागली. बाजाराच्या तोंडाशी एक दीदी मोमोची गाडी लावते. वाफेचं पातेलं, लाल चटणी, कागदाची प्लेट. ती चटणी जिभेला लागली की डोळ्यांतून पाणी आणि कानांतून वाफ, आणि तरी बोट प्लेटमध्येच. संध्याकाळी साडेपाच वाजता अनू ट्यूशनला गेली की माझे पाय आपोआप तिकडं वळायचे. घरी मी ह्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. गुपचूप जाऊन, खाऊन, तोंड पुसून परत.

अशी चार वर्षं मजेत गेली. ह्यांचं काम स्टोअरमधलं, बसून करायचं. सकाळची पीटी एकीकडं आणि दिवसभराचे ब्रेड पकोडे दुसरीकडं. एका दुपारी हे पडलेल्या चेहऱ्यानं घरी आले आणि बूट न काढताच खुर्चीत बसले. मेडिकलमध्ये वजन जास्त निघालं होतं. फौजेत वजन हा आपल्या घरगुती चेष्टेचा विषय नसतो. वजन ठरलेल्या आकड्यात बसलं नाही तर मेडिकल कॅटेगरी खाली जाते, कॅटेगरी गेली तर प्रमोशन अडतं, आणि ह्यांचं प्रमोशन अडलं तर पुढच्या वर्षी हवालदाराची मुदत संपून पेन्शन. पेन्शन म्हणजे क्वार्टर सोडायचं आणि गावी जायचं. प्रमोशन झालं, तर ह्यांची बदली कुठंही होवो, अनूच्या बारावीपर्यंत आम्हा दोघींना दिल्लीत राहता येणार होतं. पुढच्या मेडिकलला सहा महिने होते.

मी कंबर कसली. डब्यात कोबी, मुळा, दुधी. पण वर्दी धुवायला घेतली की खिशात कागदी रुमाल सापडायचा आणि त्यावर भटुऱ्याबरोबरच्या मिरचीच्या लोणच्याचा पिवळा डाग. विचारलं की म्हणायचे, "मिश्राजींनी आग्रह केला." हे मिश्राजी कोण, मला आजवर दिसलेले नाहीत.

तेव्हा मला ती नामी युक्ती सुचली. हे मला घाबरत नाहीत, पण देवाला घाबरतात. उपवासाच्या दिवशी बाहेरचं काही तोंडात घालायचे नाहीत, मग समोर साक्षात भटुरा येऊ दे. मी आठवड्याचे तीन उपवास लावले. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर महिन्याची चतुर्थी. आणि काय सांगू, खिशातले रुमाल बंद झाले! मी खूश. उपाशी नवऱ्याचे हाल नकोत म्हणून सकाळी साबुदाण्याची खिचडी करायची, साजूक तुपात, शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं. दुपारी वरईचा भात आणि दाण्याची आमटी. चहाबरोबर बटाट्याचा कीस. रात्री उपवास सोडायला पुरणाची पोळी नसली तरी गोडाचं काहीतरी. देवाच्या नावानं करायचं तर हात आखडता कशाला घ्यायचा.

दीड महिन्यानं वजन केलं. दोन किलो वाढलं होतं.

हे म्हणाले काटा बिघडलाय. मी म्हटलं तुमचे बूट ओले असतील. मग मी स्वतः काट्यावर उभी राहिले आणि लगेच खाली उतरले.

शेजारची कमलेश रोहतकची. तिचाही नवरा फौजेत. एका सोमवारी ती विरजण मागायला आली आणि ह्यांच्या ताटाकडं बघतच राहिली. तिच्या व्रताला ती दोन केळी आणि पेलाभर दूध घेते. "भाभी," ती म्हणाली, "यो बरत सै के दावत?" म्हणजे, हे व्रत आहे की मेजवानी?

आमची अनू आता नववीत. तिचं मराठी दिल्लीत वाढलंय. ती पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, "मम्मी, यार, साबुदाणा म्हणजे टोटल स्टार्च. तू पप्पांना व्रत नाही करवत, बल्किंग करवतेयस." बल्किंग म्हणजे काय ते तिनं समजावलं. जिममधली मुलं अंग भरावं म्हणून मुद्दाम खातात, ते. मी सहा आठवडे, तीन-तीन देवांना साक्षीला ठेवून, माझ्या नवऱ्याचं बल्किंग केलं होतं. हसावं की रडावं कळेना. कमलेश मात्र भिंतीला टेकून पोट धरून हसली, आणि मग आम्ही सगळेच हसलो.

हसू ओसरल्यावर भीती उरली. मेडिकलला जेमतेम चार महिने राहिले होते. उपवास बंद केले, तसे रुमाल परत आले. मी चिडचिड करायचे. रोज संध्याकाळी आत्याबाईंचा फोन यायचा आणि मी रोजच्यासारखं सांगायचे, "आता थोडेच दिवस, आत्याबाई. आम्ही येतोच." इतकी वर्षं सांगून ते वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. त्या खूश व्हायच्या. मागच्या खोलीला रंग द्यायचं त्यांनी मनात घेतलं होतं.

आणि मग तो बुधवार. साडेपाचला मी नेहमीसारखी निघाले. मोमोच्या गाडीपाशी पोचले, प्लेट हातात घेतली, पहिला मोमो चटणीत बुडवला, आणि समोरच्या भटुऱ्याच्या दुकानात, बाकावर, पाठमोरे, हे. ती पाठ मी कुठंही ओळखली असती. त्याच क्षणी ते मागं वळले. त्यांच्या हातात भटुऱ्याचा तुकडा, माझ्या हातात मोमो.

"तू?" ते म्हणाले.

"तुम्ही?" मी म्हटलं.

मी त्यांच्या बाकावर जाऊन बसले. चोर दोन्हीकडं असल्यामुळं भांडण काही जमेना. मी एवढंच म्हटलं, "अहो, तुम्हाला प्रमोशन नकोय का?"

त्यांनी छोल्यातला कांदा बाजूला केला. मग म्हणाले, "खरं सांगू? मी जोरच लावत नाहीये. वजन नाही उतरलं तर पुढच्या वर्षी आपण घरी. तू रोज आईला सांगतेस ना, थोडेच दिवस, आम्ही येतोच. माझ्या नोकरीपायी आधी बारा वर्षं एकटी राहिलीस, मग इथं परक्या गावात आलीस. म्हटलं, आता तरी हिच्या मनासारखं होऊ दे."

मी हातातला मोमो प्लेटमध्ये परत ठेवला. हा माणूस माझ्यासाठी भटुरे खात होता. म्हणजे थोडे माझ्यासाठी आणि बरेचसे स्वतःसाठी, पण तरी.

"मला नाही जायचं," मी म्हणाले.

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. एकदा तोंडातून गेलं तसं मग सगळंच आलं. अनूची शाळा, हे तर होतंच. पण खरं कारण माझ्या मांडीवर कागदाच्या प्लेटमध्ये होतं. गावात मी रस्त्यावर उभी राहून, एकटीनं, मला हवं ते, मला हवं तेव्हा कधी खाल्लं होतं? सगळ्यांची ताटं झाल्यावर उरेल त्यातलं आपलं. त्यात कुणी जाच केला असं नाही, आत्याबाईंनी तर मला माया लावली. पण इथं साडेपाच वाजता मी कुणाची सून नसते, कुणाची आई नसते, ओढणी खांद्यावर टाकून उभी असलेली एक बाई असते आणि तिला दीदी विचारते, "चटणी ज्यादा?" ती अर्धी घटका सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. आत्याबाई खोलीला रंग देतायत आणि मी असा विचार करतेय, याची लाज वाटत होती. ती लाजसुद्धा मी ह्यांना सांगितली.

हे ऐकत होते. मग त्यांनी भटुऱ्याची प्लेट आपल्यापुढून हळूच दूर सरकवली.

"हे आधी सांगायचंस की," ते म्हणाले. "एवढी खिचडी तरी वाचली असती."

त्यानंतरचं काम काही चमत्कारानं झालं नाही. साडेपाचला आम्ही दोघं चालायला जायला लागलो, गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, मग अजून एकदा. मला एक गोष्ट कळली. ती तलफ येते तेव्हा वाटतं की आता खाल्लं नाही तर जीव जाईल, पण टाकीपर्यंत पोचलं की तिचा जोर निम्मा होतो. बाजाराच्या वळणावर कधी हे माझा दंड धरायचे, कधी मी त्यांचा. कमलेशनं तिच्या गावचं बाजरीचं पीठ दिलं. मटकीला मोड आणायचं काम अनूनं घेतलं आणि त्याचे फोटो ती मैत्रिणींना पाठवायची. एकदा ह्यांनी कॅन्टीनमध्ये दोन समोसे खाल्ले आणि घरी येऊन स्वतःहून सांगितलं, गुन्हा कबूल केल्यासारखं. मी रागावले नाही. फक्त टाकीला एक फेरी वाढवली. शनिवारची मोमोची एक प्लेट मात्र मी सोडली नाही. सहातले दोन त्यांना, चार मला.

मेडिकलच्या सकाळी मी देवासमोर हात जोडले आणि सवयीनं उपवास बोलणार होते. मग म्हटलं नको, आमच्या खिचडीचा देवालाही एव्हाना अंदाज आला असेल. दुपारी ह्यांचा फोन आला. आधी अनूला जवळ बोलव म्हणाले. मग म्हणाले, "बसलं." एवढं एकच. अनूनं अशी आरोळी ठोकली की कमलेश लाटणं घेऊन धावत आली.

प्रमोशनचा कागद हातात पडला त्या संध्याकाळी मी आत्याबाईंना फोन लावला. हे म्हणाले मी सांगतो, पण "येतोच" म्हणणारी मी होते, तेव्हा हेही मीच सांगायला हवं होतं. आधी प्रमोशन मिळालं एवढंच सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. फोन कानाशी तसाच धरून त्यांनी शेजारणीला हाक मारली, पोराला प्रमोशन मिळालं म्हणून ओरडून सांगितलं, कुणालातरी साखर आणायला पिटाळलं. मी म्हटलं, "आत्याबाई, म्हणजे आता आम्हाला अजून काही वर्षं इथं..." त्या म्हणाल्या, "व्हय, कळलं की मला." मग विचारलं, "मग दिवाळीला किती दिस ऱ्हाणार?"

"आठ दिवस," मी म्हटलं. विचार करावासुद्धा लागला नाही.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्या आठ दिवसांत काय काय करायचं ते सांगायला लागल्या.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आमच्या घरी हा प्रश्न फक्त माहेरपणाला आलेल्या लेकींना आणि पाहुण्यांना विचारतात. नणंद आली की उंबऱ्यातच विचारतात. मला तो कधी कुणी विचारला नव्हता, कारण मी त्या घरची होते. आत्याबाईंनी तो रागानं विचारला नाही. मला सोपं जावं म्हणूनच विचारला, हे मला कळतं, आणि म्हणूनच जास्त लागतं.

दिवाळीला जायच्या आदल्या दिवशी मी कमलेशकडं किल्ली दिली, तुळशीला पाणी घालायला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. दोघांनीही मला एकच विचारलं, "भाभी, घर कब आओगे?" मी इथं परत यायची तारीख सांगितली.