जपानला गेलेली कडक भाकरी

आमच्या शेजारी राहणारे गिरणीतले फिटर मामा नवे माग शिकायला तीन महिने जपानला जाऊन आले. कुणी टोकियोचं विचारलं तरी मांडीवर थाप मारून ते एका खेड्याचंच सांगतात.

"डोंगरातनं चालायची जुनी वाट हाय. खेड्यातली लाकडी घरं पयल्यासारखीच जपलीत. विजेचे खांबसुदा घरांमागं लपवलेत!"

त्या वाटेवर एका म्हातारीनं त्यांना चहा दिला. त्यांनी पिशवीतली कडक भाकरी पुढं केली. तिला ते तिकडचं तांदळाचं बिस्कीट वाटलं. तिनं चहात बुडवून खाल्लं आणि पुन्हा हात पुढं केला.

"मामा, तिच्याशी बोललात कुठल्या भाषेत?" मी विचारलं.

"आपल्याच की! 'आजी, शेंगाचटणीसंगं खावा' म्हनलं. लई हसली. हसंना का, काय बिघडलं?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बोलताना 'हाय, न्हाय' निघालं तर मुलं हसतील, म्हणून महिनाभर मी एक शंका सरांना विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून माझ्याच बोलीत विचारली. मुलं हसली. सरांनी मात्र फळ्यावर आकृती काढून उत्तर दिलं.